दवाखाना उघडताय? जैववैद्यकीय कचऱ्याचं पहिल्या दिवसापासून काय करायचं

नवीन दवाखाना टाकणाऱ्या डॉक्टरांचे फोन मला अधूनमधून येतात आणि पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "सिस्टर, ते पोल्युशनचं सर्टिफिकेट कसं काढायचं?" त्याचं उत्तर पाच मिनिटांत देता येतं. पण सर्टिफिकेट भिंतीवर लागल्यानंतर रोज सकाळी सुई कुठे पडते, सलाईनची नळी कुठे जाते आणि पिशवी कोण उचलतं, हे कुणी विचारत नाही. तालुक्याच्या गावांतल्या छोट्या हॉस्पिटलांमध्ये मी नर्सिंग केलं, नंतर काही वर्षं इन्फेक्शन कंट्रोल पाहिलं. त्या अनुभवावरून सांगते, सगळा नियम एका क्षणावर उभा आहे. वस्तू हातातून सुटते तो क्षण. ती चुकीच्या डब्यात पडली तर पुढे ती दुरुस्त करायला माणसाला त्या पिशवीत हात घालावा लागतो. म्हणून हा लेख कागदांपासून सुरू होत असला तरी जास्त वेळ डब्यांपाशीच थांबणार आहे.

आधी कायदा थोडक्यात

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ सालचा. त्याखाली जैववैद्यकीय कचऱ्याचे, म्हणजे उपचार-तपासणीतून निघणाऱ्या सुया, कापूस, नळ्या अशा कचऱ्याचे, पहिले नियम १९९८ मध्ये आले. त्यात कचऱ्याचे दहा प्रकार होते आणि ते पाठ करता करता स्टाफची दमछाक व्हायची. २८ मार्च २०१६ रोजी नवे नियम आले आणि दहा प्रकारांचे चार रंग झाले: पिवळा, लाल, पांढरा, निळा. २०१८ आणि २०१९ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या. आज आपण पाळतो ते हेच.

जुन्या नियमांत महिन्याला हजारापेक्षा कमी रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्यांना परवानगी घ्यावी लागत नसे. ही सूट २०१६ मध्ये गेली, पण "आमची ओपीडी लहान, आम्हाला लागू नाही" हे वाक्य मी आजही ऐकते. लागू आहे. एका खोलीतला जनरल प्रॅक्टिशनर, दाताचा डॉक्टर, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथी दवाखाना, पॅथॉलॉजी लॅब, रक्तपेढी, गुरांचा दवाखाना, शाळेची प्रथमोपचार खोली, सगळे यात येतात. लसीकरणाचं किंवा रक्तदानाचं शिबिर एका दिवसाचं असलं तरी त्याचा कचरा याच नियमाने जातो. गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात रक्तदान शिबिर घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दुसऱ्या दिवशी मांडवामागे पडलेल्या सुया गोळा करायला कुणी येत नाही, लहान मुलं मात्र तिथे खेळायला येतात.

नियमाच्या भाषेत तुम्ही 'ऑक्युपायर' आहात, म्हणजे जागेचा ताबा तुमच्याकडे आणि कचऱ्याची जबाबदारीही तुमचीच. ती सिस्टरवर, मावशीवर किंवा गाडीवाल्यावर ढकलता येत नाही.

पायरी १: उद्घाटनाच्या आधी

दोन कामं. पहिलं, तुमच्या भागातल्या सामूहिक प्रक्रिया केंद्राशी, म्हणजे सगळ्या दवाखान्यांचा हा कचरा नेऊन त्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राशी, करार करा. हॉस्पिटलवाले त्याला नुसतं 'फॅसिलिटी' म्हणतात आणि गाडी येते ती त्यांचीच. ७५ किलोमीटरच्या आत असं केंद्र असेल तर तुम्हाला स्वतःच्या आवारात कचरा जाळायची किंवा त्याच्यावर प्रक्रिया करायची परवानगी नाही. "मागे जागा आहे, खड्डा खणून पुरलं तर?" हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. खोल पुरण्याची मुभा फक्त दुर्गम भागाला आहे, जिथे अशी गाडी पोहोचूच शकत नाही, आणि तिथेही प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मान्यतेने, ठरलेल्या मापाच्या खड्ड्यात, चुना टाकून. शेतात घर आणि रस्त्यावर दवाखाना असलेल्या डॉक्टरला ती मुभा मिळत नाही.

करार करताना दरापेक्षा एक गोष्ट जास्त तपासा: गाडी किती दिवसांनी येणार. आठवड्यातून दोनदा येणारी गाडी स्वस्त पडते, पण प्रसूतिगृहाला ती चालणार नाही. का, ते पुढे ४८ तासांच्या मुद्द्यात येईल. गाडीने सुट्टीच्या दिवशीही यायला हवं, तशी जबाबदारी नियमानेच केंद्रावर टाकली आहे. करारात ते लिहून घ्या.

दुसरं काम, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, जिला सगळे 'ऑथरायझेशन' म्हणतात. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं, गोव्यात गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ. अर्जाचा नमुना क्रमांक २, मिळणारी परवानगी नमुना क्रमांक ३. खाटा नसलेल्या दवाखान्याला ती एकदाच घ्यावी लागते. पूर्ण कागदपत्रांसह अर्ज केल्यापासून ९० दिवसांत मंडळाने हरकत घेतली नाही तर ती मिळाली असं धरलं जातं, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. खाटा असतील तर पाणी प्रदूषण कायदा (१९७४) आणि हवा प्रदूषण कायदा (१९८१) यांखालची संमतीही लागते आणि ऑथरायझेशनची मुदत त्या संमतीशी जोडलेली असते. संमतीचं नूतनीकरण विसरलं की दोन्ही एकदम संपतात. मोबाइलमध्ये मुदतीच्या चार महिने आधीचं स्मरण लावून ठेवा.

खाटा वाढवल्यात, जागा बदललीत, सोबत लॅब सुरू केलीत, तर पुन्हा अर्ज करा. पंधरा खाटांच्या कागदावर पंचवीस खाटा चालवणारी हॉस्पिटलं तपासणीत सर्वांत आधी सापडतात, कारण गाडीने नेलेलं कचऱ्याचं वजन लपत नाही.

पायरी २: डबे कुठे ठेवायचे

नवे लोक डबे विकत घेतात आणि सगळे एका कोपऱ्यात मांडतात. दिसायला छान दिसतं. पण इंजेक्शन देणारी सिस्टर कोपऱ्यापर्यंत दर वेळी जात नाही. ती सुई ट्रेमध्ये ठेवते, ट्रे भरतो आणि मग कुणीतरी तो रिकामा करायला जातं. सुई टोचते ती बहुधा याच वेळी.

म्हणून आपल्या जागेत एकदा सावकाश फिरा आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा: इथे हातातून काय काय सुटतं? इंजेक्शन देता तिथे सुईचा पांढरा डबा हाताच्या अंतरावर हवा, त्याच्या शेजारी लाल. ड्रेसिंगच्या टेबलाजवळ पिवळा आणि लाल. लेबर रूममध्ये मोठा पिवळा, लाल, पांढरा, निळा, चारही. वेटिंगमध्ये आणि डॉक्टरांच्या टेबलाजवळ रंगीत डबा नकोच, तिथे साध्या कचऱ्याचा डबा पुरतो. रुग्णांचे नातेवाईक लाल डब्यात बिस्किटाचे पुडे टाकतात, कारण त्यांना समोर तोच दिसतो.

पिशव्या क्लोरीनविरहित प्लॅस्टिकच्याच घ्या. क्लोरीन असलेलं प्लॅस्टिक जाळलं की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. म्हणून अशा पिशव्या २०१९ पर्यंत बंद करायला सांगितल्या होत्या. बाजारात पिवळा रंग दिलेली कुठलीही पिशवी विकायला असते. घेताना प्रमाणपत्र मागा आणि पिशवीवर जैवधोक्याचं चिन्ह आहे ना, ते पाहा. डबे पायाने उघडणारे घ्या. पिशवी तीन-चतुर्थांश भरली की बांधायची. काठोकाठ भरलेली पिशवी बांधताना माणूस ती दाबतो आणि दाबताना आतलं काहीतरी हाताला लागतं.

पायरी ३: काय कुठे टाकायचं

तक्ता सगळ्यांकडे असतो, भिंतीवर चिकटवलेलाही असतो. पण तक्ता वाचून शिकलेला स्टाफ गडबडीत चुकतो. मी नव्या मुलींना एकेक काम घेऊन शिकवते. तेच इथे लिहिते.

इंजेक्शन घ्या. सिरिंजचं वरचं कागदी-प्लॅस्टिकचं वेष्टन साध्या कचऱ्यात, त्याला रक्त लागलेलं नाही. काचेची ॲम्प्यूल (औषधाची छोटी बंद कुपी) फोडली, ती निळ्यात. औषधाची काचेची बाटली रिकामी झाली, तीही निळ्यात. ॲम्प्यूल प्लॅस्टिकची असेल तर लाल. इंजेक्शन दिलं. आता सुईला टोपण परत लावायचं नाही. हे वाक्य दवाखान्यात मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं तरी चालेल, कारण टोपण लावताना टोचून घेतलेल्यांची संख्या मी पाहिली आहे. सुई हब कटरमध्ये (सुई तोडायच्या छोट्या यंत्रात) घालून तोडायची, ती खालच्या पांढऱ्या डब्यात पडते. उरलेली सिरिंज लाल पिशवीत. इन्सुलिनच्या काही सिरिंजना सुई पक्की बसवलेली असते, ती निघत नाही. अशी सिरिंज अख्खी पांढऱ्या डब्यात. इंजेक्शनच्या जागी दाबलेला कापसाचा बोळा पिवळ्यात.

आता सलाईन काढताना. बाटली, नळी, कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी), सगळं प्लॅस्टिक, म्हणून लाल. पण कॅन्युला बसवताना आत जी सुई होती ती बसवतानाच पांढऱ्या डब्यात गेलेली असायला हवी. सेटच्या टोकाला सुई असेल तर ती तोडून पांढऱ्यात. चिकटपट्टी आणि कापूस पिवळ्यात. लघवीची पिशवी आणि कॅथेटर रिकामे करून लाल. रबरी हातमोजेही लाल.

लालचा तर्क समजून घ्या म्हणजे पाठ करावं लागत नाही. लाल पिशवीतलं प्लॅस्टिक केंद्रावर वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक होतं, मग श्रेडरमध्ये त्याचे तुकडे होतात आणि नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जातात. पिवळ्यातलं बहुतेक भट्टीत जळतं. तिथे पहिल्या कक्षात साधारण ८०० अंश आणि दुसऱ्या कक्षात साधारण १०५० अंश सेल्सिअस तापमान राखावं लागतं. म्हणजे लालमध्ये कापूस गेला तर तो श्रेडरमध्ये अडकतो आणि पिवळ्यात सलाईनची बाटली गेली तर विनाकारण प्लॅस्टिक जळतं. पांढऱ्यातल्या सुया निर्जंतुक करून त्यांचे तुकडे केले जातात किंवा त्या बंदिस्त खड्ड्यात कायमच्या जातात. निळ्यातली काच धुऊन, निर्जंतुक होऊन पुन्हा काचेकडेच जाते. वस्तू पुढे कुठे जाणार हे डोळ्यापुढे असलं की हात आपोआप बरोबर डब्याकडे वळतो.

ड्रेसिंग, बाळंतपण, शस्त्रक्रिया: रक्ताने, पुवाने भिजलेला कापूस, गॉज, बँडेज, प्लास्टर, सगळं पिवळं. वार (प्लॅसेंटा) पिवळी. काढलेला अवयव, ऊती, काढलेला दात, पिवळं. जगण्याची क्षमता येण्याआधीचा गर्भही याच वर्गात येतो. गर्भपात कायद्याखालची नोंद आणि या कचऱ्याची नोंद जुळली पाहिजे, याकडे प्रसूतिगृह चालवणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. वापरलेले मास्क, टोप्या आणि टाकायचे गाउन पिवळ्यात. रक्ताने भरलेल्या चादरी आणि गाद्या टाकायच्या असतील तर त्याही पिवळ्यात. ब्लेड, स्काल्पेल, टाक्यांची सुई पांढऱ्यात. हाडातून काढलेली जुनी धातूची पट्टी किंवा स्क्रू निळ्यात.

मुदत संपलेली औषधं पिवळ्यात जातात, फक्त वेगळ्या पिशवीत ठेवावीत. कॅन्सरच्या केमोथेरपीची औषधं मात्र पूर्ण वेगळी. त्यांच्यावर सायटोटॉक्सिक (पेशींना मारक) असं चिन्ह लागतं आणि ती १२०० अंशांपेक्षा जास्त तापमानाला जाळावी लागतात किंवा कंपनीला परत द्यावी लागतात. त्यांच्या बाटल्या निळ्यात टाकू नका. तालुक्याच्या ठिकाणीही आता डे-केअरमध्ये केमो दिली जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

लॅबवाल्यांसाठी एक जादा पायरी आहे. रक्ताचे नमुने, कल्चरच्या (जंतू वाढवायच्या) प्लेट्स, रक्ताच्या पिशव्या हे सगळं गाडीला देण्याआधी आपल्याच जागेत निर्जंतुक करावं लागतं, ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाच्या यंत्रात) किंवा योग्य रसायनाने. त्यानंतर रंगाप्रमाणे पिशवीत. वॉर्डातल्या बाकी कचऱ्याला हायपोक्लोराइटच्या (ब्लीचसारख्या जंतुनाशकाच्या) बादलीत बुडवायची जुनी सवय अनेक ठिकाणी अजून आहे. तिची गरज नाही. बादलीत हात घालून सुया आणि सिरिंज काढणाऱ्या मावशीला त्यात धोकाच जास्त.

साधा कचरा साधाच राहू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने आरोग्यसेवेतला सुमारे ८५ टक्के कचरा घरच्या कचऱ्यासारखाच असतो, धोकादायक असतो तो उरलेला १५ टक्के. कागद, वेष्टनं, चहाचे कप, डब्यातलं उरलेलं जेवण हे सगळं घंटागाडीला जाऊ शकतं. पण त्यात एक रक्ताचा बोळा पडला की ती सगळी पिशवीच धोक्याची झाली. जैववैद्यकीय कचरा दुसऱ्या कचऱ्यात मिसळायचा नाही, असं नियम स्पष्ट सांगतो.

हे मी एका पिशवीमुळे शिकले. एका हॉस्पिटलात आमच्या मावशी साध्या कचऱ्याची काळी पिशवी घेऊन जिना उतरत होत्या. पिशवी मांडीला लागली आणि त्या थांबल्या. आत सुई होती, टोपण नसलेली. कुणी टाकली ते शेवटपर्यंत कळलं नाही. कुठल्या रुग्णाची होती ते तर कळणं शक्यच नव्हतं. त्यांना हिपॅटायटिस बीची लस दिलेली नव्हती, कारण त्या 'फक्त झाडू मारायला' होत्या. पुढचे सहा महिने त्यांनी तपासण्यांची वाट पाहत काढले. तपासण्या चांगल्या आल्या. पण त्या सहा महिन्यांत त्या नातवाला मांडीवर घेत नव्हत्या.

पायरी ४: सांडलेलं आणि वाहणारं

रक्त सांडलं तर आधी हातमोजे घाला, त्यावर कापड किंवा टिश्यू टाका, वर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट ओता, थांबा, मग पुसून कापड पिवळ्यात टाका. बाजारात बहुधा ५ टक्क्यांचं द्रावण मिळतं. एक भाग द्रावण आणि चार भाग पाणी मिसळलं की १ टक्का होतं. बाटलीवरची टक्केवारी वाचूनच मिसळा आणि रोज सकाळी ताजं करा. कालचं द्रावण पाण्यासारखंच होत जातं.

सक्शनच्या बाटलीतलं रक्त किंवा लॅबमधलं द्रव थेट सिंकमध्ये ओतायचं नाही. खाटा नसलेल्या दवाखान्याने असं संसर्गजन्य द्रव निर्जंतुक करूनच सोडायचं. खाटा असलेल्या हॉस्पिटलला बाहेर जाणाऱ्या पाण्याची मानकं पाळावी लागतात. उदाहरणार्थ सामू (पीएच) ६.५ ते ९, बीओडी लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत, सीओडी २५० पर्यंत (बीओडी आणि सीओडी ही पाण्यातल्या घाणीची मापं). दहापेक्षा कमी खाटांनाही आता हे लागू आहे. लहान हॉस्पिटल बांधत असाल तर आर्किटेक्टला प्रक्रिया टाकीची जागा नकाशातच धरायला सांगा. नंतर जिन्याखाली टाकी बसवणारे मी पाहिले आहेत, त्यांचा वास रुग्णांना येतो.

पायरी ५: साठवण, वजन आणि गाडी

पिशव्या ठेवायला एक बंद, कुलपाची जागा लागते. उंदीर, मांजर, कुत्रं आणि भंगारवाला, या चौघांपासून ती सुरक्षित हवी. शेवटचा सगळ्यांत महत्त्वाचा. सिरिंज आणि नळ्यांच्या प्लॅस्टिकला भंगारात भाव मिळतो आणि हे प्लॅस्टिक पुन्हा बाजारात येऊ शकतं. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली, अनेकांचा जीव गेला. पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंज त्यामागे असल्याचं तपासात पुढे आलं आणि वैद्यकीय कचऱ्याच्या बेकायदा खरेदी-विक्रीकडे देशाचं लक्ष गेलं. तुमच्या मागच्या दारातून गेलेली एक लाल पिशवी कुठपर्यंत पोहोचू शकते, हे मोडासाने दाखवून दिलं.

अवयव, ऊती, रक्ताने भिजलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. काही अडचणीने जास्त ठेवावा लागलाच, तर त्याचा त्रास होणार नाही अशी काळजी घ्या आणि कारणासह मंडळाला कळवा. मे महिन्यात बंद खोलीत तीन दिवस ठेवलेल्या वारेचं काय होतं हे एकदा अनुभवलं की हा नियम कुणाला समजवावा लागत नाही. करारात गाडीचे दिवस का तपासायला सांगितले, ते यासाठी.

गाडी आली की प्रत्येक पिशवी बांधलेली, चिन्हाची, बारकोडची, तारीख आणि तुमच्या दवाखान्याचं नाव असलेली हवी. बारकोडचे स्टिकर केंद्राकडून मिळतात, स्कॅन होताना रंगाप्रमाणे वजन नोंदलं जातं. तेच वजन तुमच्या रोजच्या रजिस्टरमध्येही लिहा, आठवड्याच्या शेवटी अंदाजाने भरू नका. महिनाभराचे सगळे आकडे एकाच शाईत, एकाच अक्षरात दिसले की तपासणारा अधिकारी दुसरं काही बघण्याआधीच ओळखतो. वर्गीकरण न करता कचरा देणाऱ्या दवाखान्यांची माहिती मंडळाला कळवणं हे केंद्रावर बंधनकारक आहे, हेही जाणून असा.

वाहतूक तुमच्या स्वतःच्या गाडीने नको. केंद्राच्या गाड्या या कामासाठी मंजूर झालेल्या असतात आणि त्यांच्यावर जीपीएस असतं. ओपीडीची पिशवी स्कूटरच्या हुकाला लावून मित्राच्या हॉस्पिटलमध्ये टाकून येणं ही मदत नव्हे, तो नियमभंग आहे.

पायरी ६: माणसं

ज्याला पगार सर्वांत कमी, त्याचं लसीकरण सर्वांत आधी करा. नियम सगळ्या कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायला सांगतो. कंत्राटी मावशी आणि वॉचमन काकाही त्यात येतात. हिपॅटायटिस बीचे तीन डोस, पहिल्या दिवशी, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. रुजू होताना आणि दरवर्षी प्रशिक्षण, रुजू होताना आणि दरवर्षी आरोग्य तपासणी, दोन्हींची नोंद ठेवायची. कचरा उचलणाऱ्याला जाड हातमोजे, मास्क, ॲप्रन आणि बंद बूट हवेत. तपासणीचे पातळ मोजे सुईला अडवत नाहीत.

प्रशिक्षण म्हणजे प्रोजेक्टर लावून तासभर भाषण, असं समजू नका. मी वीस मिनिटं घेते: टेबलावर रिकाम्या सिरिंज, नळ्या, ॲम्प्यूल, कापूस, मोजे मांडते आणि प्रत्येकीला उचलून डब्यात टाकायला लावते. मावशी सहसा डॉक्टरांपेक्षा कमी चुकतात. डॉक्टरांनाही त्या वर्गात उभं करा, कारण ओटीत (शस्त्रक्रियेच्या खोलीत) ट्रेमध्ये ब्लेड सोडून जाणारे तेच असतात.

सुई टोचली तर काय, हे लिहून प्रत्येक खोलीत लावा. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायची. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. लगेच सांगायचं. सांगितल्याबद्दल कुणाला बोलणी बसली, तर पुढची माणसं लपवतील. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर संसर्गाचा धोका ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, एचआयव्हीचा साधारण ०.३ टक्के. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, २८ दिवस घ्यावी लागतात. जवळच्या ज्या सरकारी रुग्णालयात ती मिळतात, त्याचं नाव आणि नंबर आजच शोधून त्या कागदावर लिहा. रात्री अकरा वाजता शोधायला बसू नका.

पायरी ७: कागद

दरवर्षी ३० जूनच्या आत मागच्या जानेवारी ते डिसेंबरचा वार्षिक अहवाल मंडळाकडे जायला हवा, नमुना क्रमांक ४. तुमच्या हॉस्पिटलची वेबसाइट असेल तर तो तिथेही ठेवायचा. आग, स्फोट अशा मोठ्या अपघाताची माहिती मंडळाला लगेच द्यायची आणि २४ तासांत नमुना क्रमांक १ मध्ये लेखी. बाकीचे अपघात वार्षिक अहवालात. सगळी रजिस्टरं पाच वर्षं सांभाळायची. तीस किंवा जास्त खाटा असतील तर कचरा व्यवस्थापनाची समिती नेमून तिची सहा महिन्यांतून एकदा बैठक घ्यायची. त्यापेक्षा लहान ठिकाणी एक जबाबदार व्यक्ती नेमली तरी चालतं, फक्त तिचं नाव सगळ्यांना ठाऊक हवं.

नियम मोडल्यास शिक्षेचं स्वरूप २०२३ च्या जनविश्वास कायद्याने बदललं. पर्यावरण कायद्याखाली पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती, आता १० हजारांपासून १५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कैद गेली म्हणून निर्धास्त झालेले काही जण मला भेटले. पंधरा लाखांत छोट्या हॉस्पिटलचं सगळं नवं ओटी उभं राहतं, एवढंच मी त्यांना सांगते.

रुग्णाच्या घरी जाणारा कचरा

हे तुमच्या परवानगीच्या कक्षेत येत नाही, पण तुमच्याच चिठ्ठीने ते घरी जातं. इन्सुलिन घेणारे आजोबा रोज सुई कुठे टाकतात, विचारून पाहा. बहुतेक घरांत ती ओल्या कचऱ्यात जाते आणि घंटागाडीवरचा माणूस ती हाताने वेगळी करतो. घरगुती वापरातल्या सुया, सिरिंज, जुनी औषधं यांना घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत घरगुती धोकादायक कचरा म्हटलं होतं आणि ती वेगळी द्यायची असतात. रुग्णाला सांगा: जाड प्लॅस्टिकची झाकणाची बरणी घ्या, सुया त्यात टाका, भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर 'सुया' असं लिहा आणि वेगळी द्या. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर मधुमेहाच्या रुग्णांना अशी रिकामी बरणी पहिल्याच भेटीत देतात.

पहिला महिना

सुरुवातीचा महिनाभर रोज संध्याकाळी दवाखाना बंद करण्याआधी दहा मिनिटं साठवणीच्या खोलीपाशी स्वतः उभे राहा. पिशव्या उघडू नका, बाहेरूनच पाहा. लाल पिशवीतून पांढरा कापूस दिसतोय का, निळा डबा रिकामाच आहे का, कुठली पिशवी जड लागते. निळा डबा रोज रिकामा दिसत असेल तर काच दुसरीकडे कुठेतरी जाते आहे, ती शोधा. पांढरा डबा दोन महिन्यांत भरला नाही आणि तुमची ओपीडी चांगली चालते, तर सुया काळ्या पिशवीत जात आहेत. मावशींना विचारा, त्यांना ते आधीच माहीत असतं.